शिट्टी कुणासाठी वाजवतोस?

परवाची गोष्ट. जिल्ह्याच्या कोर्टात मारहाणीच्या एका केसचा निकाल लागला. मार खाणारे आपले, मारणारे गावचे. आरोपी सुटले. सातांतले पाच साक्षीदार फितूर झाले, उरलेल्या दोघांच्या जबान्या एकमेकांशी जुळल्या नाहीत. फिर्याद लिहून घेणाऱ्यानं तारीखच चुकीची टाकली होती. सुटलेल्यांनी कोर्टाच्या गेटाबाहेर गुलाल उधळला. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. कुणी कुणाशी बोललं नाही.

त्याच रात्री खोलीवर आठजण जमलो. झोप कुणालाच येणार नव्हती. एकानं लॅपटॉपवर सिनेमा लावला. अमेरिकेचा, 2008 सालचा, 'पनिशर : वॉर झोन'. चित्रांच्या पुस्तकातला, कॉमिक्समधला नायक. नाव फ्रँक कॅसल. गुंडांच्या टोळीनं याची बायकापोरं मारली, म्हणून हा आता गुंडांना मारत सुटलाय. छातीवर पांढरी कवटी. कोर्ट नाही, कचेरी नाही. सुरुवातीलाच गुंडांची पंगत बसलेली असते. हा आत शिरतो, छताच्या झुंबराला उलटा लटकतो आणि गरगर फिरत सगळ्यांना गोळ्या घालतो. आमच्या खोलीत शिट्ट्या वाजल्या. मीही वाजवली. लपवत नाही.

सिनेमा संपल्यावर मतं सुरू झाली. ती जशीच्या तशी देतो, कारण आपण सगळे याच चार मतांमध्ये कुठंतरी बसलेलो असतो.

एक पोरगा म्हणाला, "असा एक माणूस पायजे राव आपल्याकडं. तारीख नाय, वकील नाय, जामीन नाय. डायरेक्ट निकाल."

दुसरा म्हणाला, "एवढं मनावर नका घेऊ. दिवसभर डोकं फिरलेलं, दोन घटका करमणूक झाली. सिनेमा तो सिनेमा."

वकिली शिकणारी एक मैत्रीण होती. ती म्हणाली, "असलं बघायलाच नको. बघून बघून माणूस तसाच होतो."

चौथा कोपऱ्यात बसला होता. हमालीचं काम करतो, फार बोलत नाही. तो म्हणाला, "मला एक सांगा. मधी तो चुकून पोलिसाला मारतो ना, टोळीत वेष बदलून घुसलेल्याला. तवा कुणीच शिट्टी नाय वाजवली. गोळी तीच, बंदूक तीच, मारणारा बी तोच. मंग शिट्टी का थांबली?"

खोली गप्प झाली. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी लिहितोय.

आधी तिसरं मत बाजूला करू. हिंसा पाहू नये, मनावर वाईट परिणाम होतो, हे पांढरपेशांचं म्हणणं आहे. रक्त ज्यांनी फक्त पडद्यावर पाहिलं त्यांना ते शोभतं. आपल्या वस्तीतल्या पोरानं हिंसा सिनेमात पाहायच्या आधी चावडीवर पाहिलेली असते. तिच्यापासून डोळे झाकायचा सल्ला त्याला कोण देणार? मैत्रिणीचा हेतू चांगला होता, पण हे वाक्य तिचं नव्हे, ते तिच्या कॉलेजचं आहे.

दुसरं मत जास्त फसवं. सिनेमा तो सिनेमा! 1915 साली अमेरिकेत 'द बर्थ ऑफ अ नेशन' नावाचा सिनेमा आला. तोही करमणूकच होता. त्यात काळ्या माणसाला जनावर दाखवलं, आणि चेहरे झाकून त्याला ठार मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला नायक दाखवलं. विझून गेलेली ती क्लॅन त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर पुन्हा उभी राहिली. मुखवटा घालून, रात्री, कायदा हातात घेऊन 'न्याय' करणारा नायक म्हणजे काय हे अमेरिकेनं कॉमिक्समध्ये नंतर छापलं. काळ्या माणसानं ते आधीच अंगावर भोगलं होतं. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात 2018 साली एक स्मारक उघडलं. 1877 ते 1950 या काळात असे झुंडीनं मारलेले 4,400 च्या वर काळे लोक तिथल्या अभ्यासकांनी मोजले आहेत. यातल्या बहुतेकांवर काही ना काही आरोप होता, आणि तो झुंडीनंच ठेवलेला होता. 'याला शिक्षा झालीच पाहिजे' असं म्हणतच दोर बांधला गेला. पाहायला माणसं बायकापोरांसकट येत. म्हणजे प्रेक्षकही होते, आणि खूश प्रेक्षक होते.

म्हणून करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

राहिलं पहिलं मत. हेच खरं अवघड, कारण ते दुखण्यातून आलंय. त्याला उपदेश करून भागत नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर दुपारी गुलाल उधळला गेला, त्यानं रात्री बंदुकीला शिट्टी वाजवली तर त्याचं काय चुकलं? त्याला न्याय हवा होता. मिळाला नाही, म्हणून त्यानं पडद्यावरून उसना घेतला. ही भूक खोटी नाही. जे वाढलं गेलं ते अन्न आहे का, एवढंच तपासायचं आहे.

हा पनिशर आला कुठून? फेब्रुवारी 1974 ची तारीख असलेल्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या 129 व्या अंकात तो पहिल्यांदा छापला गेला. लिहिणारे जेरी कॉनवे. व्हिएतनामचं युद्ध हरत आलेलं, शहरात गुन्हे वाढलेले, सरकारवरचा विश्वास उडालेला, असा तो काळ. त्याच वर्षी 'डेथ विश' हा सिनेमाही आला. त्यात बायकोच्या खुनानंतर एक साधा, सुशिक्षित माणूस रात्री रस्त्यावर गुंडांना गोळ्या घालत हिंडतो. थिएटरात टाळ्या पडल्या. गंमत म्हणजे ज्याच्या कादंबरीवरून तो सिनेमा काढला त्या ब्रायन गारफिल्डलाच तो आवडला नाही. त्यानं 1975 साली दुसरी कादंबरी लिहून त्याला उत्तर दिलं.

पनिशरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तो नायक म्हणून आलाच नव्हता. त्या पहिल्या अंकात तो स्पायडरमॅनला ठार मारायला निघालेला असतो. का? तर स्पायडरमॅननं खून केलाय असा बोभाटा झालेला, आणि एका बदमाशानं याचे कान भरलेले. म्हणजे पाहा मित्रहो, पनिशरनं पहिल्या अंकात पहिली बंदूक रोखली ती निरपराध माणसावर! त्याच्या जन्मदाखल्यावरच हे लिहिलेलं आहे. नंतर तो लोकांना आवडला, खपला, त्याची स्वतःची पुस्तकं निघाली, 1989, 2004 आणि 2008 साली तीन सिनेमे निघाले. पण ती पहिली चूक सगळे विसरले.

आता आपल्या हमाल दोस्ताच्या प्रश्नाकडं येऊ. शिट्टी का थांबली?

मला विचाराल तर उत्तर असं. गुंड मरतात तेव्हा ते गुंड आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. कसं ठाऊक असतं? कॅमेऱ्यानं दाखवलेलं असतं. 2004 सालच्या सिनेमात कॅसलचं अख्खं कुटुंब, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, समुद्रकिनाऱ्यावर मारलेलं आपण स्वतः पाहतो. हुकूम कुणी दिला तेही पाहतो. आपण खुर्चीत बसलेले नसतो, साक्षीदार असतो, आणि फितूर न होणारे साक्षीदार. पुरावा शंभर टक्के. मग कोर्टाची गरज काय? कोर्टाचं काम कॅमेऱ्यानं आधीच उरकलेलं असतं. पनिशर फक्त अंमलबजावणी करतो.

पण तो पोलिस मरतो तेव्हा कळतं की कॅसलला कॅमेऱ्यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते आपल्याला. त्याला दिसला टोळीत बसलेला एक माणूस, टोळीवाल्यांसारखे कपडे घातलेला. गोळी घालायला एवढं पुरलं. नंतर तो त्या विधवेकडं पैसे घेऊन जातो, बंदूक टाकून द्यायच्या गोष्टी करतो. आणि मग पुन्हा बंदूक उचलतो, कारण सिनेमा पुढं न्यायचा असतो.

सिनेमाबाहेर कॅमेरा कुणाच्या हातात असतो? हा खरा प्रश्न आहे. गावात कोण गुन्हेगार दिसतो हे कोण ठरवतं? विहिरीवर गेला तो गुन्हेगार, मिशीला पीळ दिला तो गुन्हेगार, वरातीत घोड्यावर बसला तो गुन्हेगार. गावच्या डोळ्यात हा कॅमेरा पिढ्यान् पिढ्या बसवलेला आहे. आणि गावालाही डायरेक्ट निकालच आवडतो. तारीख नाय, वकील नाय, जामीन नाय... हे वाक्य आपल्या पोराच्या तोंडी नवीन आहे. पाटलाच्या वाड्यात ते फार जुनं आहे.

अमेरिकेतला दाखला घ्या. 22 डिसेंबर 1984. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. चार काळ्या पोरांनी बर्नहार्ड गेट्झ नावाच्या गोऱ्या माणसाकडं पाच डॉलर मागितले. त्यानं पिस्तूल काढून चौघांना गोळ्या घातल्या. एक जन्माचा अपंग झाला. वर्तमानपत्रांना 'डेथ विश'चीच आठवण झाली. शहरातल्या कितीतरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 1987 साली ज्यूरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून मोकळं केलं, शिक्षा झाली ती फक्त बेकायदा पिस्तूल बाळगल्याची. अपंग झालेल्या पोराला भरपाईचा निकाल मिळायला 1996 साल उजाडलं. 4 कोटी 30 लाख डॉलर, कागदावर. आता सांगा, त्या डब्यात आपण असतो तर कुठल्या बाकावर असतो? पिस्तुलाच्या मागं का पुढं?

आणि 23 फेब्रुवारी 2020. जॉर्जिया राज्यात अहमद आर्बेरी हा पंचवीस वर्षांचा काळा तरुण धावत चालला होता. तिघा गोऱ्यांना तो चोर 'दिसला'. गाड्या घालून पाठलाग केला आणि भर दुपारी गोळ्या घातल्या. बचावात त्यांनी नागरिकानं अटक करण्याचा कायदा पुढं केला. तो कायदा 1863 सालचा, गुलामगिरीच्या काळातला! इथं मात्र खऱ्या कॅमेऱ्यानं काम केलं. चित्रण बाहेर आलं, लोक रस्त्यावर उतरले, 2021 साली तो कायदा रद्द झाला आणि त्याच वर्षी तिघेही खुनाचे दोषी ठरले. कुणी कवटीवाला आला नव्हता. आई कोर्टात बसून राहिली होती.

त्या कवटीचं पुढं काय झालं तेही ऐका. बंड करणाऱ्या गरिबांनी ती छातीवर लावली असेल असं वाटतं ना? इराकमध्ये गेलेल्या अमेरिकन नौदलाच्या कमांडो तुकडीनं ती गाड्यांवर आणि चिलखतावर रंगवली. त्यातल्या क्रिस काईल या नेमबाजानं आपल्या पुस्तकात हे अभिमानानं लिहिलंय. मग ती पोलिसांकडं आली. 2017 साली केंटकी राज्यातल्या कॅटलेट्सबर्ग गावच्या पोलिसांनी ती आपल्या गाड्यांवर चिकटवली आणि ओरड झाल्यावर काढली. 25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला मानेवर गुडघा दाबून मारलं, आणि त्यानंतर निघालेल्या मोर्च्यांसमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांतही ही कवटी दिसली. 6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनमध्ये संसदेवर चालून गेलेल्या झुंडीतही ती होती.

जेरी कॉनवे यांना हे पाहून संताप आला. पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था मोडून पडल्याची खूण, ती खूण कायद्याचाच नोकर मिरवतो म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. 2019 सालच्या एका अंकात तर पनिशर स्वतः पोलिसांच्या गाडीवरचा आपला स्टिकर फाडतो. 2020 साली कॉनवे यांनी काळ्या आणि इतर वर्णाच्या चित्रकारांकडून ती कवटी नव्यानं काढून घेतली आणि विक्रीचे पैसे काळ्यांच्या चळवळीला दिले. माणूस प्रामाणिक आहे. पण मला वाटतं, त्यांनी उशीर केला. एकट्या माणसाच्या हातात फिर्याद, तपास, निकाल आणि फाशी सगळं एकत्र दिलं, की ते हत्यार शेवटी ज्याच्याकडं आधीच हत्यार आहे त्याच्याकडंच जातं. ओढ्याचं पाणी उताराकडंच धावतं.

आपल्याकडं काय वेगळं आहे? 6 डिसेंबर 2019. आपण चैत्यभूमीवर रांगेत होतो. त्या पहाटे हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्या रांगेतही काहीजण मोबाइल बघून खूश झाले, मी पाहिलंय. 2022 साली सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल बाहेर आला : गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनं झाला होता, आणि चारांतले तिघे अल्पवयीन होते. फुलं परत कुणी उचलली नाहीत.

"मंग नागपूरच्या बायकांचं काय?" असं त्या रात्री पहिल्या पोरानं मला विचारलं. त्याचा प्रश्न टाळणं म्हणजे लबाडी. 13 ऑगस्ट 2004. नागपूरच्या कोर्टात कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादवला मारलं. वर्षानुवर्षं यानं वस्तीत बलात्कार केले, खून केले, घरं लुटली. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला पोलिसांनी दाद दिली नाही. पुढं खटला चालला, आणि 2014 साली पुराव्याअभावी आरोपी सुटले. पनिशरचा थॉमस जेनवाला सिनेमाही त्याच 2004 सालचा. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कॅसलनं पोलिस ठाण्याची पायरी चढून हेलपाटे घातले नव्हते. बायकांनी घातले होते. कॅसल एकटा. बायका म्हणजे अख्खी वस्ती. कॅसल एक संपवून दुसऱ्याकडं जातो, तो त्याचा धंदा आहे. त्या बायका घरी गेल्या, चूल पेटवली. मी त्यांना दोषी म्हणणार नाही, माझी ती लायकी नाही. पण त्यावर शिट्टीही वाजवणार नाही. त्या दिवशी कोर्टाच्या फरशीवर जे सांडलं ते कायद्याच्या नापासाचं प्रगतिपुस्तक होतं. ते वाचून राज्यकर्त्यांना लाज वाटायला पाहिजे. आपण त्याचा सिनेमा करून बघू लागलो तर त्यांची लाज आपणच पुसून टाकली.

कुणी म्हणेल, मग मुकाट मार खायचा का? मुळीच नाही. 1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिथूनच घेतलं. त्यांच्याकडंही बंदुका होत्या. पण ते काय करत? पोलिसांच्या गाडीमागं आपली गाडी न्यायची, अटक चालली असेल तिथं नियमाप्रमाणे अंतर ठेवून उभं राहायचं आणि कायद्याचं पुस्तक उघडून पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. सरकार बंदुकीला घाबरलं, 1967 साली कायदा करून भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी घातली. पण पुस्तकावर बंदी घालता आली नाही. फरक बंदूक असण्या-नसण्याचा नाही. पँथर उजेडात, उघड्या तोंडानं, लोकांसमोर उभा होता. 1969 पासून तो वस्तीतल्या पोरांना सकाळची न्याहारीही वाढत होता. पनिशर कुणाला न्याहारी वाढतो? त्याला लोक लागतच नाहीत. त्याला फक्त प्रेक्षक लागतात.

शिक्षा एकटा माणूस देऊ शकतो. न्याय एकट्याला करता येत नाही. त्याला ऐकणारा लागतो, उलट विचारणारा लागतो, लिहून ठेवणारा लागतो, आणि चूक झाली तर वर दाद मागायची जागा लागते. ज्याची बाजू हजारो वर्षं कुणी ऐकूनच घेतली नाही, त्यानं ऐकण्याचीच पद्धत मोडीत काढायची?

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं की घटनेचे मार्ग खुले असताना रक्तपाताचे मार्ग सोडले पाहिजेत. पोरं म्हणतात, मार्ग कागदावर खुले आहेत. खरं आहे. पण बाबासाहेबांना काय वेगळं होतं? मार्च 1927, महाड. तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर झुंड तुटून पडली, डोकी फुटली. आपले लोक हजारोंनी होते, उलटून मारू शकले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मग दावा चालला. एक वर्ष नव्हे, दोन वर्षं नव्हे. हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला, आपल्या बाजूनं. दहा वर्षं तारखा! ज्या माणसानं मनुस्मृती जाळली, तोच माणूस दहा वर्षं कोर्टात उभा राहिला. यात विसंगती नाही. अन्यायाचा कायदा जाळायचा आणि न्यायाचा कायदा राबवून घ्यायचा, हे एकाच हाताचं काम आहे.

हे सगळं बोलून झालं तेव्हा पहाट झाली होती. पहिला पोरगा अजून पटलेला नाही. "दहा वर्षं माझ्या बापाकडं नाहीत," म्हणाला. मार खाल्लेल्यांत त्याचा बाप होता, हे मी सुरुवातीला सांगायचं राहिलं. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. खोटं उत्तर देणार नाही.

पण निकालाच्या नकलेचा अर्ज सोमवारी द्यायचाय. अपिलाची मुदत चालू झालीय. जुळल्या नाहीत त्या दोन जबान्या समोरासमोर ठेवून वाचायच्यात. वकिली शिकणारी मैत्रीण बसणार आहे. फितूर झालेल्या पाचांपैकी दोघे आपल्याच आळीतले आहेत. त्यांच्या घरी शिव्या द्यायला नाही, विचारायला जायचंय : कुणी दम दिला? कर्ज कुणाचं होतं? पुढच्या वेळी तुमच्या दारात रात्री किती जण झोपायला येऊ?

हमाल दोस्तानं सोमवारी कामाला खाडा टाकलाय. पहिला पोरगा म्हणाला, येतो. शिट्टी वाजवण्यासारखं यात काही नाही. तुम्हीही या.

जयभीम.